स्वखुशीने जमा केलेली गाडी

कात्रप, बदलापूर (पूर्व)
गुरुवार, २७ नोव्हेंबर १९९७

आदरणीय सुदामदाजी यांस,

आपल्या एकुलत्या एक मेहुण्याचा, म्हणजे कमळाकरचा, सविनय जयभीम. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत (ठीक या शब्दाचा अर्थ पुढे कळेल), तिकडे मुरबाडला आपण आणि जनाताई ठीक असाल अशी आशा आहे. आपलं पित्त कसं आहे? ओव्याचा काढा घेता की ताईच्या नजरेआड मोरीत ओतता? पत्र घरी न पाठवता शाळेच्या पत्त्यावर पाठवलं आणि पाकिटावर 'मुख्याध्यापकांनी स्वतः फोडावे' असं लिहिलं, याचं आपल्याला नवल वाटलं असेल. आपल्याकडे आलेलं पत्र ताई घेते, ताई फोडते, ताई वाचते आणि मग जेवताना आपल्याला त्याचा सारांश सांगते, ही पद्धत मला ठाऊक आहे. या पत्राचं सारांशाने भागणार नाही. ताईने मागल्या आठवड्यात शेजारच्यांबरोबर पाठवलेला अडकित्ता माईला पोचला. माई तेव्हापासून फार खुशीत आहे आणि सुपारी कातरता कातरता मधेच एकटी हसते. वयाच्या पंचाहत्तरीत आमच्या आईला असं हसताना पाहून मला जरा भीतीच वाटते, पण ते नंतर.

पत्राला कारण आमची गाडी. गाडी गेली हे आपल्याला माहीत आहेच, कारण ती आली तेव्हाही आपण होता आणि गेली तेव्हाचा सल्लाही आपलाच होता. तरी थोडं मागून सांगतो. पंचाण्णवच्या दिवाळीत आपण आमच्या घरी जेवताना, तिसरी पुरणपोळी ताटात घेत म्हणाला होता की आपल्या सबंध गोतावळ्यात अजून एकाकडेही चारचाकी नाही. आपण सहज बोललात. मला मात्र ते लागलं. अंबरनाथच्या रंगाच्या कंपनीत तेव्हा ओव्हरटाइम जोरात होता आणि माणसाच्या खिशात ओव्हरटाइम असला की तो वाट्टेल त्या कागदावर सही करतो. जानेवारीत मी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये खूबचंदशेठच्या फायनान्सच्या गाळ्यात जाऊन बसलो. बासष्ट हजारांची जुनी फियाट, बारा हजार माझे, पन्नास हजार शेठचे, छत्तीस हप्ते, दर महिना दोन हजार पन्नास. रंग वांगी. (रंगाच्या कंपनीत सतरा वर्षं काढलेल्या माणसाने वांगी रंगाची गाडी घ्यावी यावर कंपनीतल्या लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं आहे, आपण श्रम घेऊ नयेत.)

शेठला जामीन हवा होता. तो झाला हरिचंद्र. आमच्याच खात्यातला, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा, गावठाणात पत्र्याच्या घरात राहणारा, आयुष्यात स्वतःसाठी एक सायकलसुद्धा हप्त्याने न घेतलेला माणूस. कँटीनमध्ये मी फॉर्म पुढे केला, त्याने उसळीचा हात पँटला पुसला आणि न वाचता सही केली. घाईत हात नीट पुसला गेला नव्हता, त्यामुळे त्या सहीजवळ अजून उसळीचा डाग आहे. मी त्याला म्हटलं होतं की ही नुसती पद्धत आहे, तुला काही होत नाही. दाजी, हे वाक्य मी दोन वर्षांपूर्वी बोललो आणि आता रोज आठवतं.

गाडी चौदा महिने मजेत होती. म्हणजे महिन्याचे पहिले दहा दिवस धावायची आणि पेट्रोल संपलं की उरलेले वीस दिवस बिल्डिंगखाली उभी असायची. या वीस दिवसांचा उपयोग माईने शोधून काढला. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, गावासारखा ओटा नाही, जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलायची सोय नाही, म्हणून ती रोज सकाळी खाली उतरायची, गाडीचं मागचं दार उघडायची आणि मागच्या सीटवर मांडी घालून सुपारी कातरत बसायची. सगळी बिल्डिंग तिथे यायची. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या नळाला पाणी नाही, सगळं त्या गाडीत कळायचं. पन्नास हजार कर्ज काढून मी आईला ओटा घेऊन दिला असं ही म्हणायची. (ही म्हणजे माई नव्हे, माझी बायको. तिचा रोख आपल्या पुरणपोळीवरही होता, पण ते राहू दे.)

मग यंदा मार्चनंतर कंपनीने ओव्हरटाइम बंद केला. एप्रिल चुकला, मे चुकला, जून-जुलैही चुकले. आणि तीन ऑगस्टला, रविवारी, सकाळी साडेसहाला, मी लुंगीवर चहा पीत असताना खूबचंदशेठची दोन माणसं दारात उभी. मी धसकलो होतो, पण ती इतकी नम्र होती की मीच लाजलो. एकाने चप्पल बाहेर काढून नमस्कार केला. म्हणाला, साहेब, शेठने गाडी मागवली आहे. जणू शेजाऱ्याने शिडी मागवली आहे. हिने त्यांनाही चहा दिला. एकाने साखर कमी मागितली.

आता माझी चूक सांगतो, कारण ती चूक माझी एकट्याची नाही, ती आपल्या घराण्याची आहे. ताईच्या लग्नात (म्हणजे आपल्याच लग्नात, दाजी) माईने तांब्याचे दोन हंडे आणि एक परात सावकाराकडे गहाण ठेवली होती. ती सोडवता आली नाहीत. हंडे गेले, विषय संपला. सावकार नंतर कधी दारात येऊन म्हणाला नाही की गयाबाई, तुझे हंडे बाजारात कमी भावाने गेले, तर वरचे पैसे काढ. माझ्या डोक्यात कर्ज म्हणजे हे. वस्तू सोडवलीस तर तुझी, नाही सोडवलीस तर त्याची, पाटी कोरी. त्यामुळे ती माणसं गाडी न्यायला आली तेव्हा मला वाईट कमी वाटलं आणि सुटल्यासारखं जास्त वाटलं. मी आपल्याला शाळेत फोन केला होता तो याच आनंदात. आपणही म्हणालात, 'नेऊ दे रे, व्यवहार संपला, सुटलास.'

मग मी सुटलेल्या माणसासारखाच वागलो. गाडी मळकट देऊ नये म्हणून दोन बादल्या पाणी आणून धुतली. डॅशबोर्डवरची बुद्धांची तसबीर काढून घेतली. बॅटरी उतरली होती, तर बिल्डिंगमधली नऊ माणसं जमवून धक्का दिला. त्या दोघांतल्या एकालाही धड चालवता येत नव्हती, म्हणून उल्हासनगरपर्यंत मीच चालवत नेली, वाटेत स्वतःच्या खिशातून शंभराचं पेट्रोल टाकलं आणि अंबरनाथला त्यांना वडापाव खाऊ घातला. शेठच्या गोडाऊनवर त्यांनी एक कागद पुढे केला, 'गाडी स्वखुशीने जमा केली आहे.' मला तो शब्द फार आवडला. आयुष्यात इतकं काही गेलं, पण स्वखुशीने गेलं असं कुणी कधी लिहून दिलं नव्हतं. मी झोकात सही केली आणि येताना बिल्डिंगमध्ये वाटायला पाव किलो पेढे आणले. फक्त माई जेवली नाही. तिचा अडकित्ता सीटच्या फटीत राहिला होता. तिच्या सासूचा, पितळी, मोराच्या आकाराचा, चोच तुटलेला. मी दोनदा गोडाऊनवर जाऊन आलो, तिथल्या वॉचमनने गाडीला हात लावू दिला नाही.

सप्टेंबरात शेठची नोटीस आली. सोळा ऑक्टोबरला, गुरुवारी, गोडाऊनवर गाडीची विक्री आहे, बाकी भरून गाडी सोडवावी, नाहीतर स्वतः हजर राहावं, आपलं गिऱ्हाईक आणायचं तर आणावं. आमच्या कँटीनचा अण्णा चाळीस हजारांना तयार होता, रोख, त्याला डबे पोचवायला हवी होती. पण नोटीस आली त्या आठवड्यातच रविवारी आपण आमच्याकडे आला होता. नोटीस आपण चष्मा लावून दोनदा वाचलीत आणि म्हणालात, 'लिलावाला आपल्या माणसाने जाऊ नये कमळाकर. आपली वस्तू परक्याने नेताना बघवत नाही.' मला ते पटलं. आपण मुख्याध्यापक, आपलं बोलणं मला नेहमी पटतं. नोटीस आपण नीट अभ्यास करतो म्हणून खिशात घालून नेलीत. मी गेलो नाही, अण्णालाही पाठवला नाही.

दिवाळी झाली आणि दोन रजिस्टर पत्रं आली. एक मला, एक हरिचंद्रला. मजकूर एकच. गाडी चोवीस हजारांना विकली. आमची बाकी अडतीस हजार पाचशे. शिवाय गाडी ओढून आणण्याचा खर्च नऊशे, चौऱ्याहत्तर दिवसांचं गोडाऊनभाडं रोज पंधराप्रमाणे अकराशे दहा, किंमत ठरवणाऱ्याची फी पाचशे, पेपरातली जाहिरात चारशे, देखभाल तीनशे. सगळं मिळून, गाडीचे पैसे वजा करून, सतरा हजार सातशे दहा रुपये येणे. न भरल्यास दावा लावू आणि जामिनाकडून वसूल करू. माझी गाडी नव्हती, कर्ज मात्र अजून माझ्याकडेच होतं आणि ते बसायला हरिचंद्रच्या घरी गेलं होतं.

मी तडक कॅम्प एकला गेलो. खूबचंदशेठने मला लस्सी पाजली (ती कोणत्या रकान्यात लावली आहे ते अजून कळलं नाही). मी त्याला हंड्यांची गोष्ट सांगितली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाला, 'साईं, हंडा खडे खडे घिसता नहीं. गाडी घिसती है. गाडी गई, तो क्या मेरा पैसा भी साथ में गया?' मी उरलेली लस्सी संपवून उठलो.

मग उल्हासनगर कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणारे चिंतामणी वकील गाठले. पन्नास रुपयांत त्यांनी मला जे शिकवलं ते सतरा वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं. गाडी नेली म्हणजे कर्ज फिटत नाही. ती विकून जेवढे येतील तेवढेच त्यातून वजा. कमी आले तर उरलेले कर्जदाराने भरायचे, जास्त आले तर वरचे कर्जदाराला परत. खर्चही लागतो, पण खराखुरा झालेलाच. आणि म्हणून विक्री किती रुपयांना होते तिकडे सावकारापेक्षा कर्जदाराने जास्त डोळे लावून बसायचं असतं. 'आणि तुम्ही त्या दिवशी कुठे होता?' असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघवत नाही म्हणून घरी होतो. वकिलांनी पेन खाली ठेवलं.

तरी त्यांनी माझ्यासोबत येऊन शेठकडून पावत्या मागितल्या. गाडी ओढून आणली म्हणता, ती याने स्वतः चालवत आणली, वडापावसकट. नऊशे गेले. देखभाल म्हणता, गोडाऊनमध्ये तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. तीनशे गेले. राहिले सोळा हजार पाचशे दहा. त्याच्याखाली शेठ यायला तयार नाही आणि वकील म्हणतात, विक्रीवर भांडायचं तर दोन-तीन वर्षं कोर्टात जातील. तेवढी वर्षं हरिचंद्रकडे नाहीत. तो एकतीस डिसेंबरला रिटायर होतो. शेठने दहा डिसेंबरची मुदत दिली आहे, त्यानंतर दावा, आणि दाव्यात हरिचंद्रचं नाव माझ्या शेजारी. तेव्हा मिळायचे फंडाचे पैसे त्याने तीस वर्षं राखले आहेत, घरावर स्लॅब टाकायला. जानेवारीत सेंट्रिंगवाला येणार म्हणून त्याने विटासुद्धा आणून ठेवल्या आहेत.

दाजी, थट्टा पुरे. हरिचंद्रने शिवी दिली असती तर मी उभा राहून घेतली असती. तो फक्त आता कँटीनमध्ये पलीकडच्या बाकावर बसतो. सतरा वर्षं आम्ही एका ताटलीतून लोणचं खाल्लं. परवा मी त्याच्यासमोर जाऊन बसलो तर त्याने डबा बंद केला आणि म्हणाला, 'कमळ्या, मी वाचून सही करायला पाहिजे होती रे.' म्हणजे त्यात त्याने चूक स्वतःचीच धरली. मला तिथेच रडू आलं आणि माझ्या भातात माझीच आसवं पडली, हे मी ताईला सांगणार नाही, आपल्याला सांगतो.

असो. आपण काळजी करू नये. मी पैसे मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, तो माझा स्वभाव नाही. कंपनीच्या पतपेढीतून मी सहा हजार पाचशे दहा उचलले आहेत, उरलेल्या दहा हजारांचीही सोय झाली आहे. आपलं पित्त सांभाळावं, उन्हातून स्कूटरवर फिरू नये. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. माई आपली आठवण काढते. हल्ली फारच काढते.

आपला,
कमळाकर

ता. क. वर सोय झाली आहे असं लिहिलं, ती सोय म्हणजे आपण. माईला आलेल्या अडकित्त्याबरोबर ताईची चिठ्ठी होती. तिने भोळेपणाने लिहिलं आहे की ह्यांनी कल्याणच्या एका डॉक्टरची पांढरी फियाट रघु गॅरेजवाल्यामार्फत घेतली, सीटच्या फटीत अडकित्ता निघाला, डॉक्टरांना सुपारीचा शौक दिसतो, माईचा हरवला आहे आणि हा अगदी तसाच दिसतो म्हणून पाठवते. दाजी, अडकित्ता पितळी आहे. मोराच्या आकाराचा आहे. चोच तुटलेली आहे. माईने तो हातात घेतला, दोनदा उघडमीट केला आणि म्हणाली, 'जावईबापूंनी माझा ओटा नेला रं.' शेठच्या विक्रीच्या कागदावर वकिलांनी मला खरेदीदाराचं नाव दाखवलं होतं, रघु, गॅरेज, मुरबाड. तेव्हा मला काही कळलं नव्हतं. लिलावाला तिघेच होते म्हणे, शेठचा मेव्हणा, वॉचमन आणि हा रघु. आपण स्वतः गेला नाहीत हे बरोबरच केलंत, लिलावाला आपल्या माणसाने जाऊ नये. आता हिशेब बघा. अण्णाच्या चाळीस हजारांना गाडी गेली असती तर मी फक्त पाचशे दहा रुपये लागत होतो. चोवीसला गेली म्हणून सोळा हजार पाचशे दहा लागतो. म्हणजे आपल्याला ती जेवढी स्वस्त पडली तेवढी बरोबर हरिचंद्रच्या स्लॅबमधून निघणार आहे. सोळा हजार आपल्याकडे निघतात, पण नातं आहे म्हणून सहा मी सोसतो. दहा आपण द्यावेत, उधार नव्हे, गाडीच्या किमतीपैकी राहिलेले म्हणून. चौतीस हजारांना फियाट, पांढऱ्या रंगासकट, अजूनही स्वस्तच आहे. हंडे दोन आपल्यासाठी गेले ते मी यात धरलेले नाहीत.

ता. क. २. ताईला अजून काही माहीत नाही. मी सांगणार नाही. पण सहा डिसेंबरला माई आणि ताई दरवर्षीप्रमाणे चैत्यभूमीला बरोबर जाणार आहेत, आणि माईचं म्हणणं असं की त्या दिवशी पंचशील म्हणून झाल्यावर लेकीने अडकित्ता आवडला का म्हणून विचारलं तर तिला खोटं बोलता येणार नाही. मी तिला खूप समजावलं. ती म्हणते, पाच तारखेपर्यंत मात्र तिला काही आठवणार नाही. पैसे थेट हरिचंद्रच्या हातात द्यावेत, माझ्या नको. माझ्या हातावर त्याचा विश्वास राहिलेला नाही आणि तो पुन्हा बसेपर्यंत मलाही तो नको.

ता. क. ३. स्वखुशीच्या त्या कागदावर मी एकच किल्ली जमा केली होती. दुसरी आमच्या खुंटीवर, बुद्धांच्या तसबिरीशेजारी आहे. कुलपं रघुने बदललेली नसणार, वांगीवर पांढरा रंग मारण्यातच त्याचं काम भागलं असेल. पाच तारीख कोरडी गेली तर सात डिसेंबरच्या रविवारी सकाळी साडेसहाला मी मुरबाडला आपल्या दारात असेन, बरोबर अण्णा असेल आणि त्याच्या खिशात चाळीस हजार असतील, चोवीस आपले, सोळा हरिचंद्रचे. मी चप्पल बाहेर काढून नमस्कार करीन. आपण गाडी धुऊन ठेवावी. ताईला सांगावं, अण्णाच्या चहात साखर कमी.